ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया : टाटापासून वाडीपर्यंत

कर्करोगाच्या उपचारांपुरते बोलायचे तर रायगडचे कर्जत आणि खालापूर हे तालुके नशीबवान म्हणायला हवेत. कर्जतहून लोकलने दादर साधारण दोन तास, आणि तिथून परळचे टाटा रुग्णालय जवळच. खोपोलीकरांना द्रुतगती मार्गाने टाटाचेच खारघरचे ॲक्ट्रेक केंद्र त्याहून सोयीचे. खालापूर तालुक्यातच तांबाटी येथे टाटा स्मारक केंद्राच्या आयुर्वेद रुग्णालयासाठी आणि संशोधन केंद्रासाठी राज्य सरकारने जमीन देऊ केली आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल. तरीही इथल्या वाड्यापाड्यांतली बाई टाटाला पोहोचते तेव्हा गाठ बहुधा पुढे सरकलेली असते, आणि कधी डॉक्टर ज्या शस्त्रक्रियेचे नाव घेतात ती सगळ्यात मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक असते. त्या शस्त्रक्रियेत काय काढतात, काय बिघडू शकते, किती माणसे वाचतात आणि वाचलेली कशी जगतात, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. या शस्त्रक्रियेचा निकाल जेवढा ऑपरेशन थिएटरात ठरतो, तेवढाच तो त्याआधीच्या दोन वर्षांत आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत ठरतो.

वैद्यकात तिला पेल्व्हिक एक्झेंटरेशन म्हणतात. गर्भाशयाच्या मुखाचा, गुदाशयाचा, मूत्राशयाचा किंवा योनिमार्गाचा कर्करोग शेजारच्या अवयवात घुसला, पण ओटीपोटाबाहेर पसरला नाही, तर हे सगळे अवयव एकत्र काढायचे. संपूर्ण प्रकारात बाईचे गर्भाशय, बीजकोश, योनिमार्ग, मूत्राशय आणि गुदाशय जातात; पुरुषाचे मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय. गुदाशय वाचवता आला तर पुढच्या बाजूचे अवयव काढतात, मूत्राशय वाचवता आले तर मागच्या बाजूचे. कधी त्रिकास्थीचा, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाचा, तुकडाही काढावा लागतो. आठ-दहा तास चालणारे हे काम एकट्या सर्जनचे नसते. आतड्यांचा, लघवीच्या मार्गाचा आणि प्लास्टिक सर्जरीचा असे वेगवेगळे तज्ज्ञ आळीपाळीने टेबलाशी उभे राहतात. शेवटी पोटावर दोन तोंडे राहतात. सहसा डाव्या बाजूला शौचाचे आणि उजव्या बाजूला लघवीचे, आणि दोन्हींवर पिशवी लावावी लागते. लघवीसाठी लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा काढून त्यात दोन्ही मूत्रनलिका जोडतात आणि त्याचे एक टोक पोटावर उघडतात.

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या अलेक्झांडर ब्रन्शविग यांनी. १९४८ साली त्यांनी २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातले पाच जण शस्त्रक्रियेमुळे दगावले होते. तेव्हा मूत्रनलिका थेट मोठ्या आतड्यात सोडत, त्यामुळे मळ आणि लघवी एकाच तोंडातून येई आणि संसर्ग वर मूत्रपिंडात चढे. अनेक डॉक्टरांनाच हा प्रकार अमानुष वाटला. १९५० मध्ये सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्याची युक्ती रुळवली, मळ आणि लघवी वेगळी झाली, आणि तेव्हापासून या शस्त्रक्रियेतून उठलेले माणूस जगू लागले असे म्हणता येते. पुढे रक्तपेढ्या, प्रतिजैविके, अतिदक्षता विभाग आणि एमआरआय आले. पाचात एक मरण्याची भीती आज अनुभवी केंद्रांत शंभरात एक-दोनपर्यंत खाली आली आहे.

याचा चांगला पुरावा म्हणजे पेल्वेक्स या आंतरराष्ट्रीय गटाची आकडेवारी. गुदाशयाच्या पहिल्यांदाच निदान झालेल्या, पण पुढे सरकलेल्या कर्करोगाच्या १,२९१ रुग्णांची माहिती १४ देशांतल्या केंद्रांनी एकत्र केली. महिनाभरात दगावलेले १.५ टक्के. एक तरी गंभीर गुंतागुंत झालेले ३७.८ टक्के, म्हणजे तिघांत एकाहून जास्त. गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह पूर्ण निघाली असे सुमारे ८० टक्के. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कड स्वच्छ निघालेल्यांत तीन वर्षांनी हयात होते ५६.४ टक्के, सूक्ष्मदर्शकाखाली कडेवर पेशी सापडलेल्यांत २९.६ टक्के, आणि डोळ्यांना दिसणारी गाठ मागे राहिलेल्यांत ८.१ टक्के. एकदा बरा होऊन परत उलटलेल्या गुदाशयाच्या कर्करोगात स्वच्छ कड साधणे आणखी अवघड. तिथे हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपासच आहे.

हे शेवटचे आकडे प्रत्येक नातेवाइकाने समजून घ्यावेत. ‘पोट उघडून जेवढे निघेल तेवढे काढू’ हे वाक्य इतर काही आजारांत चालत असेल. इथे ते रुग्णाला दोन पिशव्या आणि थोडेसे महिने देते, बाकी काही नाही. म्हणून चांगला सर्जन ही शस्त्रक्रिया करण्याआधी ती न करण्याची कारणे शोधतो. पेट स्कॅनमध्ये यकृत, फुफ्फुस किंवा पोटातल्या पडद्यावर आजार दिसला तर ती सहसा करत नाहीत. एमआरआयमध्ये गाठ कटीराच्या बाजूच्या भिंतीला चिकटली असेल, मोठ्या नसांना गुंडाळली असेल, तर पुन्हा विचार. ज्या काळात ही यंत्रे नव्हती तेव्हापासून डॉक्टर तीन खुणा एकत्र शोधत आले आहेत. एकाच पायाला सूज, त्याच बाजूला कुल्ह्यातून पायात उतरणारी कळ, आणि त्या बाजूच्या मूत्रपिंडात तुंबलेली लघवी. तिन्ही एकत्र असतील तर आजार भिंतीत गेला असे बहुतेक गृहीत धरतात. ही माहिती कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या ओपीडीतही उपयोगाची आहे, कारण तिला डोळे, बोटे आणि साधी सोनोग्राफी एवढेच लागते. गुदाशयाच्या कर्करोगात आपल्याकडे आणखी एक अडचण. तरुण रुग्ण आणि ‘सिग्नेट रिंग’ हा उग्र प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो, आणि तो पोटाच्या पडद्यावर लवकर पसरतो. तिशीतल्या तरुणाला मूळव्याध समजून वर्षभर मलम लावत बसणे इथे फार महागात पडते.

आता गुंतागुंतींकडे. त्यांची यादी लांब आहे आणि पुस्तकांत ती टक्केवारीने येते, पण रुग्णाच्या घरी ती वेळापत्रकाने येते.

पहिल्या दहा-बारा दिवसांत भीती रक्तस्रावाची, आतड्याच्या किंवा मूत्रनलिकेच्या जोडातून गळतीची, पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याची. हे दिवस रुग्णालयात जातात, म्हणून निभावतात. त्यानंतर येतो तो या शस्त्रक्रियेचा खास प्रश्न. कटीरातले अवयव निघाले की तिथे हाडांनी वेढलेली पोकळी उरते. शरीराला पोकळी सोसत नाही. तिथे द्रव साचतो, त्यात पू होतो, किंवा लहान आतड्याची वेटोळी खाली घसरून चिकटतात आणि अडतात. शेक (रेडिएशन) दिलेल्या ऊती आधीच कमकुवत असल्याने कधी आतड्याला भोक पडून मळ थेट खालच्या जखमेतून येऊ लागतो. हे टाळायला पोटाच्या किंवा मांडीच्या आतल्या स्नायूचा तुकडा रक्तवाहिनीसह फिरवून पोकळीत भरतात. त्याने त्रास कमी होतो, संपत नाही. खालची शिवण तर बऱ्याचदा उसवते. दोन मांड्यांमधली ओली जागा, त्यात शेक झालेली कातडी. महिना-दोन महिने ड्रेसिंग चालते, आणि ते ड्रेसिंग बसून नव्हे, कुशीवर झोपून करावे लागते.

तिसऱ्या टप्प्यावर लघवीची पिशवी. ऑपरेशननंतर काही दिवस तोंडातून दोन बारीक नळ्या बाहेर असतात, त्या डॉक्टर काढतात. मग एक दिवस घरचे माणूस पिशवीत पांढरट चिकट धागे बघते आणि घाबरते. पू झाला असे वाटते. खरे तर तो आतड्याच्या तुकड्याचा नेहमीचा स्राव असतो, आतडे आपले काम करत राहते, लघवीचा रस्ता झाले म्हणून ते बदलत नाही. खऱ्या धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत. थंडी वाजून ताप, कमरेच्या एका बाजूला दुखणे, पिशवीत लघवी अचानक कमी येणे. यात उशीर झाला तर संसर्ग रक्तात जातो. आणखी एक गोष्ट हळूहळू होते आणि म्हणून सुटते. आतड्यातून लघवी वाहताना शरीर त्यातला क्लोराइड शोषते आणि रक्त आम्लधर्मी होते. माणूस थकते, जेवत नाही, ओकते. घरचे म्हणतात आजार परत आला. रक्ताची साधी तपासणी आणि सोडा-बायकार्बच्या गोळ्या यावर पुरतात. काही वर्षांनंतर मूत्रनलिकेचा जोड अरुंद होऊन मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तेही वेदनेशिवाय, म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन तपासणे अत्यावश्यक.

आणि मग ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. संपूर्ण शस्त्रक्रियेनंतर बाईचा योनिमार्ग गेलेला असतो, पुरुषाची ताठरता बहुतेक जातेच. मांडीच्या स्नायूतून योनिमार्ग पुन्हा तयार करता येतो, पण तसे हवे का, हे ऑपरेशनच्या आधी विचारावे लागते. मराठी घरात हा प्रश्न नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारला की उत्तर ‘नको, जीव वाचला पुरे’ असेच येणार. नर्सने बाईला एकटीला गाठून विचारले तरच खरे काय ते कळते. जगण्याच्या दर्जावरचे बहुतेक अभ्यास सांगतात की पहिले काही महिने वाईट जातात आणि वर्षभरात बहुतेक जण पूर्वीच्या पातळीजवळ येतात. हे खरे आहे, पण ते जे जगले आणि ज्यांनी प्रश्नावली भरली त्यांच्यापुरते खरे आहे.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडच्या बाईला ही शस्त्रक्रिया लागतेच का? गर्भाशयमुखाच्या पुढे सरकलेल्या कर्करोगाचा पहिला उपाय सुरी नव्हे, शेक आणि केमो. हे टाटातच सिद्ध झालेले आहे. २०१८ मध्ये तिथल्या डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ६३५ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या बायकांना आधी केमो आणि मग मोठी शस्त्रक्रिया, अर्ध्यांना शेकासोबत केमो. पाच वर्षांनी आजाराशिवाय जगणाऱ्या पहिल्या गटात ६९.३ टक्के, दुसऱ्यात ७६.७ टक्के. त्याच वर्षी डॉ. श्याम श्रीवास्तव यांच्या गटाने तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांचा निकाल दिला. नुसत्या शेकाऐवजी सिस्प्लॅटिनसह शेक दिला तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जाते. सिस्प्लॅटिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. २०२४ मधल्या इंटरलेस या अभ्यासाने, ज्यात भारतातल्या बायकाही होत्या, शेकाआधी सहा आठवडे दर आठवड्याला केमो देऊन त्यातल्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर नेले. जगभरात गेल्या काही वर्षांत मोठ्या शस्त्रक्रियेची हौस एकंदर उतरली आहे. अंडाशयाच्या कर्करोगात चांगल्या दिसणाऱ्या लसिका-ग्रंथी सरसकट काढण्याचा फायदा नाही, त्रास मात्र होतो, हे २०१९ मध्ये जर्मनांनी दाखवले.

म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एक्झेंटरेशन ही शेकानंतर त्याच जागी परत आलेल्या, मधोमध असलेल्या आजारासाठी राखलेली शेवटची संधी. त्यात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या केंद्रांत साधारण ३० ते ६० टक्के येते. दुसरा पर्याय शून्याच्या जवळ असताना हे काही थोडे नाही.

पण आजार त्याच जागी परत का येतो? काही वेळा तो जात्याच हट्टी असतो. काही वेळा आपण त्याला परत बोलावतो. गर्भाशयमुखाचा शेक बाहेरून आणि आतून असा मिळून आठ आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा. लांबला की ताकद घटते. कर्जत-खालापूरच्या भातशेतीत आवणीचे दिवस आले की बाई ‘पंधरा दिवसांनी येते’ म्हणून घरी येते. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले की फाइल टाटात आणि माणूस भट्टीवर. आतून द्यायच्या शेकाची भीती वाटून तो टाळणाऱ्याही असतात, आणि तो टाळला तर बाहेरचा शेक अर्धवट ठरतो. दुसरी वाट याहून वाईट. अंगावरून जाते, पांढरे जाते म्हणून गावाजवळच्या दवाखान्यात गर्भाशयाची पिशवीच काढून टाकतात, मुख न तपासता. चार महिन्यांनी अहवालात कर्करोग निघतो. आता ना नीट शस्त्रक्रिया झाली, ना शेक देणे सोपे राहिले, कारण गर्भाशय गेल्यावर आतडी खाली आलेली असतात आणि शेक त्यांनाच लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या शेकाचे हे नुकसान कमी करता येते, हे टाटाच्याच डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या पार्सर अभ्यासाने दाखवले. अचूक नेम धरणाऱ्या तंत्राने तीन वर्षांत आतड्याचा उशिरा होणारा त्रास ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आला. पण मुळात मुख तपासून पिशवी काढली असती, किंवा काढलीच नसती, तर?

तपासणीचा भक्कम पुरावा खुद्द महाराष्ट्रातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने आणि टाटाने १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असा २००९ चा निकाल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने व्हिनेगरसारखे ॲसेटिक ॲसिड लावून, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांकडून तपासणी करवली, आणि २०१४ मध्ये मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही म्हणून या अभ्यासांवर टीका झाली, आणि ती गैरवाजवी नव्हती. त्या बायकांच्या जिवावर मिळालेले उत्तर आपण अजून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नीट वापरत नाही, हे त्याहून वाईट.

पैशाचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया अडत नाही. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. अडते ते नंतर. शौचाची आणि लघवीची पिशवी तीन-पाच दिवसांनी बदलावी लागते, आयुष्यभर, आणि तो खर्च घरावर येतो.

हे घर कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या वर एखाद्या ठाकरवाडीत आहे असे समजा. पिशवीची चकती तोंडाच्या मापाने कापायची, भोक मोठे राहिले तर लघवी कातडी जाळते, लहान झाले तर तोंडालाच चीर पडते. कातडी कोरडी करून चकती मिनिटभर दाबून धरायची, म्हणजे ती अंगाच्या उबेने बसते. जुलैच्या दमट हवेत ती लवकर सुटते. एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की धुवायला पाणी नसते, आणि नेमके तेव्हाच लघवी पातळ राहायला भरपूर पाणी प्यायला हवे असते. डोक्यावर हंडा, पाठीवर मोळी घेतली की तोंडाशेजारी पोट फुगून हर्निया होऊ शकतो. रात्री ताप भरला तर परळचा नंबर फाइलवर आहे, पण सकाळच्या गाडीपर्यंत थांबायचे की कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचे, हे कोणी सांगितलेले नसते. आणि ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने पोटावरून येणारी लघवी कधी पाहिलेली नसली तर तो तपासणीसाठी थेट टाटाला पाठवतो. इथे दोन तासांचे अंतर एकदम आठ तासांचे होते.

म्हणून माझे मत असे. एक्झेंटरेशन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी करायला घेऊ नये. ही शस्त्रक्रिया वर्षाला बऱ्याच संख्येने करणाऱ्या केंद्रातच व्हावी, आणि टाटाच्या आतड्यांच्या कर्करोगाच्या विभागासारखी केंद्रे ती करत आहेत. पण तिची निगा तालुक्यातच झाली पाहिजे. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पिशवीची माहिती असलेली नर्स, क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेटची तपासणी, सोनोग्राफी, आणि टाटाच्या फाइलची एक मराठी प्रत एवढे पुरे. यासाठी नवी इमारत लागत नाही. मुंबईतली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवी लावून जगणाऱ्यांची संस्था अशा प्रशिक्षणाला बोलावता येईल.

आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरात चाळिशीपुढची बाई आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे. पाळी बंद झाल्यावर अंगावरून गेले, संबंधानंतर रक्त दिसले, किंवा शौचातून रक्त पडत राहिले, तर गर्भाशयाची पिशवी काढायला किंवा मूळव्याधीचे औषध घ्यायला होकार देण्याआधी डॉक्टरला विचारा : मुख तपासले का, बोट घालून गुदाशय तपासला का, तुकडा तपासायला पाठवला का? तिन्हीचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत कागदावर सही करू नका.